दाताचं नाव काढायचं नाही

"मी येईन," दादा फोनवर म्हणाले होते, "पण दाताचं नाव कुणी काढायचं नाही. काढलंत तर ताटावरून उठेन आणि पुन्हा तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही."

दुसऱ्या कुठल्या घराला ही अट अवघड गेली नसती. चार माणसं जेवायला बसतात, गुडघेदुखीवर बोलतात, बटाटे केवढ्याला मिळाले ते सांगतात, आणि आपापल्या घरी जातात. पण बारक्याचं घर म्हणजे कवळ्यांचा कारखाना. दातांच्या डॉक्टरांनी घेतलेली मापं मागच्या खोलीत यायची, काही पेशंट स्वतःच माप द्यायला यायचे, बारक्या त्यावरून कवळ्या करायचा, आणि प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीने मांडून ठेवायचा. घरात शिरणाऱ्याचं स्वागत आधी ते जबडे करत आणि मग बारक्याची बायको.

बारक्या नावाला बारक्या. वयाने साठीला टेकला होता. थोरल्या भावापुढे मात्र तो बारक्याच. हा धंदा त्याला शिकवला तोही दादांनीच. दादांनी हयातभर लोकांना पुन्हा चावायला लावलं, मग काम सोडलं, आणि त्यानंतर त्यांचे स्वतःचे दात एकेक करून त्यांना सोडून गेले. सरळ हिशेब असा की, भावाकडे यायचं, तोंड उघडायचं, माप द्यायचं. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हटलं, त्याला स्वतः आ करणं फार जड जातं. त्यातून समोर बारक्या. त्यापेक्षा सूप पिऊन राहणं दादांना सोपं वाटलं.

बारक्याने चूक केली ती गेल्या हिवाळ्यात. सगळे नातेवाईक जमलेले असताना तो मोठ्या प्रेमाने आणि तितक्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "दादा, किती दिवस असं बोळक्याने खाणार? उद्या ये, बसल्या बसल्या माप घेतो!" दोघातिघांना हसू फुटलं. दादा उठले, चपला घातल्या आणि गेले. तेव्हापासून येणं नाही, जाणं नाही, फोन नाही. वहिनी तेवढ्या चोरून फोन करायच्या. "भावजी, ह्यांचे सदरे कसे ढगळ झालेत बघा हो. हसतानासुद्धा तोंडावर हात धरतात." बारक्याला हे ऐकवत नसे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? आणि आता तर ही म्हणसुद्धा त्या घरात काढायची सोय उरली नव्हती.

तर दादा येणार म्हटल्यावर नवराबायकोंनी सकाळपासून घर धुंडाळून काढलं. दातासारखं दिसेल ते नजरेआड करायचं होतं. जबडे दिवाणाच्या पोटात गेले. तिथे मावेनात ते वॉशिंग मशीनमध्ये गेले. भिंतीवरचं कॅलेंडर दातांच्या दवाखान्याचं होतं, ते उलटं करून टांगलं, तेव्हा मागे कुणातरी बाळाचं पहिला दात दाखवणारं चित्र निघालं, म्हणून ते काढूनच टाकलं.

"आणि ही पावडर?" बायकोने विचारलं.

ही मापाची पावडर. पाण्यात कालवायची, ट्रेमध्ये भरायची, माणसाच्या तोंडात धरायची. बघता बघता ती रबरासारखी घट्ट होते आणि जबड्याचं माप उतरतं. रंगाला गुलाबी, वासाला स्ट्रॉबेरी, म्हणजे पेशंटला मळमळू नये. पिशवी फोडली की हिला दमट हवा लागते आणि ती वाया जाते, म्हणून बारक्या ती बायकोच्या रिकाम्या झालेल्या पुडिंगच्या डब्यांत भरून ठेवायचा. त्या डब्यांचं झाकण गच्च बसायचं. वर चिठ्ठी चिकटवायची गरज कधी पडली नव्हती. मागच्या खोलीत पुडिंग नसायचं आणि स्वयंपाकघरात मापाची पावडर नसायची.

"कोरड्यात ठेवायला हवी," बारक्या म्हणाला. "तुझ्या कपाटात टाक कुठेतरी मागे."

बायकोने टाकली, आणि इथेच घोटाळ्याने घरात पाऊल टाकलं. दाराची बेल मात्र दादांनी वाजवली.

वहिनींबरोबर आलेले दादा खरोखरच वाळले होते. गाल आत गेलेले, कॉलरमध्ये आणखी एक मान मावेल एवढी जागा. बारक्याला ते बघून भडभडून आलं, पण भडभडून आल्यावर माणूस काहीतरी बोलतो आणि बोलला की घसरतो, म्हणून तो नुसताच "ये, ये" करत राहिला.

जेवायला सगळं मऊ होतं. भाज्यांचं दाट सूप, लोणी घालून कुस्करलेले बटाटे, बोटाने तुटेल असा भोपळा. तेवढ्यावरून दादांना संशय येऊ नये म्हणून बायकोने मुद्दाम चारचौघांसारखी काकडीही चिरून ठेवली होती. तिला कुणी हात लावेना. बारक्याने भावासाठी आणि बायकांनी बारक्यासाठी काकडी सोडून दिली.

बोलणं मात्र पुढे सरकेना. आपल्या भाषेत दात किती ठिकाणी बसलेत हे बोलू नये असं ठरवल्यावर कळतं. वहिनी शेजारणीबद्दल सांगत होत्या, "बाई कसली, नुसती माझ्यावर दात—" आणि त्यांनी घोट गिळला. "म्हणजे डूख धरून आहे."

"तिच्या मुलालाही तुम्ही किती समजावलंत," असं म्हणत बायको मदतीला धावली, "अगदी दातांच्या क—" आणि तीही थांबली. "पुष्कळ समजावलंत, एवढंच."

बारक्या गप्पच बसला. न जाणो, आपल्या तोंडून काही निघालं तर तो विनोदच निघायचा. दादा सूप पीत एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"पुडिंग आणू का?" बायकोने शेवटी सुटकेचा श्वास टाकत विचारलं.

हे पुडिंग त्या घरात बारक्याच करायचा. करायचं असं त्यात काही नव्हतंच. पावडर गार दुधात ओतायची आणि झराझरा फिरवायची. पण गुठळी न होऊ देता पावडर कालवणं हे बारक्याच्या हातात भिनलेलं होतं, त्यामुळे कुणी पाहुणा आला की काचेचा वाडगा टेबलावर यायचा आणि बारक्या सगळ्यांदेखत पुडिंग कालवायचा. पहिला चमचा घरातल्या मोठ्या माणसाने घ्यायचा, ही त्यांची पद्धत.

बायकोने डबा आणून दिला. डबा पुडिंगचाच होता. बारक्याने गुलाबी पावडर दुधात ओतली. स्ट्रॉबेरीचा वास सुटला. तो कालवू लागला आणि दादा एकदम पुढे वाकले. त्यांची नजर वाडग्यावर खिळली.

"आज लवकर जमतंय," बायको म्हणाली.

"दूध गार आहे," बारक्या म्हणाला. त्याला बरं वाटत होतं. भाऊ समोर बसलाय, आपला हात बघतोय, सगळं पूर्वीसारखं. "चला, घ्या पटापट. दादा, आधी तू."

दादांनी आपला छोटा चमचा बाजूला ठेवला आणि वाढायचा मोठा चमचा उचलला. तो काठोकाठ भरला, वरून बोटाने सारखा केला आणि अख्खा तोंडात घातला. वहिनींनी कौतुकाने जावेकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी नवऱ्याने काही एवढ्या आवडीने घेतलं होतं. मग दोघींनीही आपापला चमचा भरून तोंडात टाकला.

बारक्या वाडग्याच्या कडा निपटत होता. तेवढ्यात त्याचा हात थांबला. हाताखालचं पुडिंग पुडिंगासारखं वागत नव्हतं. ते कडेपासून सालासारखं सुटत होतं. हाताने ओळखलं ते डोक्यापर्यंत पोचायला क्षणभर लागला, आणि पोचल्यावर बारक्याने डब्याकडे बघितलं.

तेवढ्यात वहिनींनी तोंडातून एक गुलाबी लादी बाहेर काढली. तिच्यावर त्यांचे पुढचे दात एकूण एक उमटले होते. "भावजी," त्या लादी उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "हे काय हो?"

बायकोने तोंडाला रुमाल लावला आणि मोरीकडे धाव घेतली. तिकडून तिचा आवाज आला, "अहो! डबा! तुमचा डबा!"

पावडरीने अपाय काही होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडात ती असतेच. भीती वेगळीच होती. दाताचं नाव काढायचं नाही म्हणून सांगून आलेल्या माणसाच्या तोंडात त्याने मापाची पावडर कोंबली होती, आणि तीही पंगतीत बसवून! हे मुद्दाम केलेलं नाही यावर जगात कोण विश्वास ठेवणार? दादांच्या जागी तो असता तर त्यानेही ठेवला नसता. आता दादा उठतील, चपला घालतील, आणि या वेळी जातील ते कायमचे.

पण दादा उठले नाहीत. ते चमच्यासकट तोंड मिटून बसले होते. मान किंचित पुढे झुकवलेली, डोळे बंद, चमच्याचा दांडा दोन बोटांत स्थिर. श्वास नाकाने चालला होता.

"अहो, थुंका!" वहिनी घाबरल्या. "भावजी, ह्यांना बोलता येईना! टाळूला चिकटलं वाटतं!"

"दादा," बारक्या कसाबसा म्हणाला, "चुकून झालं रे. शप्पथ सांगतो. तुझ्यासाठी सगळं लपवलं आणि लपवण्यातच—"

दादांनी डोळे न उघडता दुसरा हात वर केला. थांब, असा.

सगळे थांबले. मोरीतून बायको आली तीही दारातच थबकली. बारक्याच्या मनात आलं, हे चिडणं नव्हे. चिडलेला माणूस इतका स्वस्थ बसत नाही. स्वस्थच काय, दादा हूं की चूं करत नव्हते. कुणाही पेशंटला सांगून सांगून जीभ झिजते, हलू नका, गिळू नका, नाकाने श्वास घ्या, आणि तरी ते हलतात.

मग दादांनी गाल फुगवला, आत हवा घेतली आणि दांडा धरून चमचा एका झटक्यात बाहेर काढला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, एक डोळा बारीक करून बघितला आणि अलगद ताटलीत ठेवला. बारक्याने मान लांब करून पाहिलं. वरच्या जबड्याची कड अन् कड उतरली होती. टाळूच्या बारीक रेघासुद्धा स्पष्ट होत्या. इतकं स्वच्छ माप त्याच्या टेबलावर कितीतरी दिवसांत आलं नव्हतं.

दादा उठले. पण दादा मोरीवर गेले, खळखळून चूळ भरली, रुमालाला तोंड पुसलं आणि परत येऊन आपल्या जागी बसले.

"आणखी आहे का?" त्यांनी विचारलं.

"दादा, ते पुडिंग नाहीये हो," बायको रडवेली झाली होती. "खरं पुडिंग मी देते ना आणून."

"काय आहे ते मी विचारलं नाही. आणखी आहे का, एवढंच विचारलं."

वहिनींच्या हातात अजून त्यांची लादी होती. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, ताटलीतल्या चमच्याकडे बघितलं, आणि लादी हळूच पदराआड केली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या.

"आहे," बारक्या म्हणाला. "डबाभर आहे, दादा."

"मग बघतोस काय? वरचं झालं." दादांनी दुसरा मोठा चमचा घेतला, पालथा करून तोंडाशी धरून पाहिला आणि खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली. बारक्याने वाडगा विसळून आणला, डबा उघडला, आणि सवयीने दुधाच्या भांड्याकडे हात नेला.

"अरे, दुधात काय कालवतोस!" दादा खेकसले. "पाणी घे. आणि जरा घट्ट ठेव, मघाचं घशाकडे चाललं होतं."