गच्चीत अडकलेले दत्तराव

रविवारी सकाळी टीव्हीवर चित्राऐवजी मुंग्या दिसायला लागल्या, म्हणून दत्तराव लुंगी-बनियनवरच अँटेना फिरवायला गच्चीत गेले. तेवढ्यात वाऱ्यानं जिन्याचं दार धाडकन लागलं आणि आतली कडी आपसूक पडली. बायको सरजाबाई पालमला बहिणीकडं गेलेली. संध्याकाळच्या एसटीनं येणार. वैशाखाचं ऊन, आणि पायांत चप्पल नाही.

दत्तरावांनी दार ढकललं, मग लाथ मारली, मग अंगठा धरून खाली बसले.

पोखर्णी सोडून परभणीच्या या नव्या कॉलनीत घर बांधल्याला दोन वर्षं झाली होती. पोखर्णीत नुसतं खोकलं तरी चार घरांतून "काय झालं वो?" यायचं. इथं हाक मारायची तरी कुणाला? शेजाऱ्याचं नावच ठाऊक नव्हतं. त्याच्या फाटकावर पाटी होती, पण तिच्यावर नुसतंच 'कुत्र्यापासून सावध राहा'. कुत्रंही कधी दिसलं नव्हतं.

"ओ साहेब!" दत्तराव ओरडले.

कॉलनीत सगळेच साहेब, त्यामुळं कुणीच बाहेर आलं नाही. शिवाय ही पौराणिक मालिकेची वेळ. घराघरांतून शंख वाजत होता.

"अहो, कुनी हाय का? मी अडकलोय!"

समोरच्या घरातले गृहस्थ व्हरांड्यात आले. दत्तरावांना हायसं वाटलं.

"अँटेना का?" गृहस्थांनी विचारलं. "डावीकडं फिरवा! आमचं बी असंच झालतं!"

"अँटेना न्हाई वो! दार लागलंय!"

"हां, आनखी जरासं... बास!" म्हणत ते घाईनं आत गेले.

तळपाय भाजायला लागले. शेजाऱ्याची गच्ची जेमतेम हातभर अंतरावर होती, पण ओळख नसताना लुंगीवर कुणाच्या गच्चीत कसं उतरायचं? दत्तरावांचं डोकं तापलं. त्यांनी कपडे वाळवायची काठी उचलली आणि शेजाऱ्याचा अँटेना पार उलटा फिरवला.

खालचा शंख खरखरला. लगेच शेजारचं जिन्याचं दार उघडलं आणि शेजारी सोटा घेऊन वर आला.

"कोन रे तू? उतर खाली!"

"उतरता येत न्हाई, त्याचीच तर बोंब हाय!"

"तितं काय करायलास?"

"ऱ्हातो मी हितं! दोन वर्षं झाले!"

"खोटं बोलू नको. त्या घरात टोपीवाले ऱ्हातेत."

"टोपी खुंटीला हाय माझी!"

शेजाऱ्यानं डोळे बारीक करून टोपीविनाचं डोकं न्याहाळलं आणि सोटा खाली घेतला. दत्तरावांनी पलीकडं जायला पाय उचलला.

"थांबा. आधी अँटेना सरळ करा, मग या."

मालिका संपल्यावर चहा झाला. शेजाऱ्याचं नाव दिनकरराव, गाव पिंगळी, पोखर्णीसारखंच परभणी तालुक्यातलं.

"म्हंजी आपुन गाववालेच की!" दत्तराव म्हणाले. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं, तिथून ते आपल्या घरात शिरले. आठवडाभर त्यांना पोखर्णीत असल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या रविवारी ते सरजाबाईंनी केलेले धपाटे घेऊन निघाले, तर दिनकररावांच्या दारात विटांचा ढीग आणि वर गच्चीत गवंडी कामाला लागलेला.

"हे काय काढलंय?"

"गच्चीवर भिंत घालायलोत, पुरुषभर उंच," दिनकररावांनी हसून धपाटे घेतले. "परवा तुमी किती सहज आलात! कदी ध्यानातच आलं न्हवतं. चोर बी असाच येईल की. लय उपकार झाले बगा."

दत्तराव घरी येऊन जेवायला बसले.

"कशाला गेलतो मी," ते पुटपुटले, "त्या मानसाकडं..."

इतक्यात वरून खणखणीत हाक आली, "ओ दत्तराव!"

दोन वर्षांत या कॉलनीत त्यांना कुणी बाहेरून नावानं हाक मारली नव्हती. हातातला घास तसाच टाकून ते वर धावले.

"तुमच्या बाजूनं बी गिलावा करायचाय," अर्ध्या भिंतीवरून दिनकररावांचं डोकं दिसलं. "गवंड्याला तुमच्या गच्चीत येऊ देता का?"

"येऊ द्या की!" दत्तराव म्हणाले, आणि जिन्यातून खाली ओरडले, "अगं ऐकलं का, शेजाऱ्याकडची मानसं यायलेत! च्या टाका!"