पाय उचला, तोमे आजी

वाग्नेर ओदानीने ब्राझीलमधल्या लोंद्रिनातलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान विकलं, भाड्याची खोली सोडली आणि झाडून साऱ्या मित्रांना सांगून टाकलं, "मी घरी चाललोय." घरी म्हणजे जपानला. तिथे तो जन्मात कधी गेला नव्हता, पण परतीचं तिकीट काही त्याने काढलं नाही. तिथे तुला ओळखतं कोण, असं कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, "ओळखायचं काय त्यात? ब्राझीलभर मला जपानी म्हणून हाक मारतात. आणि भाषा तर माझी अस्सल आहे. थेट आजोबांकडून आलेली."

आता ही अस्सल भाषा काय होती, ते सांगायला हवं. आजोबा किसाबुरो तरुणपणी जपानातल्या ताजिमाच्या डोंगरातून ब्राझीलला गेले. तिथल्याच मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि घरात पोर्तुगीज सुरू झालं ते कायमचंच. जपानी ते बोलायचे फक्त संध्याकाळी, परसात. छोटा वाग्नेर शाळेतून येऊन तिथे पडवीत बसायचा. "आलास का लेका," आजोबा म्हणायचे. मग म्हणायचे, "पाय उचल," आणि थोड्या वेळाने उसाचं कांडं पुढे करायचे. वाग्नेरने अर्थ लावला, 'पाय उचल' म्हणजे 'घे, खा'. पुढे रात्रीच्या वर्गात तो कामापुरतं जपानी शिकला, पण जिथे मान द्यायचा तिथे आजोबांचेच शब्द वापरायचे हे त्याने पक्कं ठरवलं होतं.

ताजिमातल्या घरी आजोबांची धाकटी बहीण तोमे आजी, त्यांचा मुलगा हिदेनोबु आणि सून सायोको, एवढीच माणसं. आजी चटईवर पाय दुमडून बसल्या होत्या. वाग्नेर कमरेत वाकला, पेरूच्या वड्यांचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि आजोबांच्या शब्दाला आदरार्थी शेपूट जोडून म्हणाला, "पाय उचला."

आजींनी सुनेकडे पाहिलं. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. मग आजींनी समोरचं बुटकं टेबल घट्ट धरलं, दुखऱ्या गुडघ्याला मनातल्या मनात काहीतरी समजावलं, एक पाय लांब करून वीतभर वर उचलला आणि डबा घेतला.

वाग्नेर भारावून गेला. जुन्या घरांतून वस्तू घेताना पाय उचलायची पद्धत असते, हे वर्गातल्या बाईंना माहीतच नव्हतं तर! सायोकोने चहा दिला तेव्हा त्यानेही पाय उचलला.

"बघितलंत ना?" सायोको स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाली. "ब्राझीलची रीत आहे. आपण नाही पाळली तर पाहुण्याला वाईट वाटेल."

"मला गरम सूप घेताना जमणार नाही."

"मग थंड प्या."

आणि घरात पाय उचलणं सुरू झालं. भाताचा वाडगा घ्या, पाय वर. टॉवेल घ्या, पाय वर. हिदेनोबुने दोनदा सूप सांडलं आणि दोन्ही वेळा वाग्नेरचीच माफी मागितली.

इतकं होऊनही वाग्नेरच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आंघोळीचं गरम पाणी सगळ्यांत आधी त्याला. माशाचा मोठा तुकडा त्याला. ताट उचलायला गेला की सायोको हातातून काढून घ्यायची. "आपण बसा, पाहुणे." सकाळ-संध्याकाळ आपलं 'आपण' आणि 'पाहुणे'! असं ऐकून घ्यायला का त्याने दुकान विकलं होतं? तो अंगणात फेऱ्या मारायचा, गेटपर्यंत जायचा, परत यायचा, बसायचा, लगेच उठायचा. पाहुणा कधीतरी जातो, आणि याला तर जायला जागाच उरली नव्हती.

पितरांचा सण बोन जवळ आला, तसा त्याने धीर केला. "तोमे आजी, त्या दिवशी घरच्यांबरोबर मीही थडग्यावर पाणी घालू?"

"ते जरा..." आजी म्हणाल्या.

ताजिमात 'ते जरा' म्हटलं की विषय संपतो. वाग्नेरचा तिथे सुरू झाला.

"चढ आहे का? माझे पाय मजबूत आहेत."

"ते रोज बघतेय," आजी म्हणाल्या.

नाही असं कुणी म्हणालंच नाही, म्हणून बोनच्या दिवशी तोही टेकडीवर गेला. घराण्याच्या थडग्यापुढे भिक्षूंनी मंत्र म्हटले. ते संपताच, आपण घरचेच आहोत हे एकदाचं दाखवून द्यावं म्हणून, वाग्नेरने सायोकोच्या आधी मिठाईचं तबक उचललं आणि भिक्षूंपुढे धरलं.

"पाय उचला, महाराज."

मागे साऱ्या घराने सवयीने पाय उचलले. आजींनी त्यासाठी थडग्याच्या दगडाला धरलं. हिदेनोबु डुलायला लागला, त्याला सायोकोने धरलं, मग दोघंही डुलायला लागले. भिक्षूंनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. सभ्य माणूस होता बिचारा. झगा सावरून त्यांनीही एक पाय वर घेतला.

"ही घराण्याची जुनी प्रथा वाटतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, ब्राझीलची," सायोको कुजबुजली. "पाहुण्यांची."

"ब्राझीलची?" वाग्नेर तबक धरूनच वळला. "तिथे कशाला कोण पाय उचलेल? ही तर तुमचीच रीत आहे ना?"

एकेक करून सगळे पाय खाली आले.

"हे आपल्याला शिकवलं कोणी?" आजींनी वाग्नेरला विचारलं.

"आजोबांनी. रोज संध्याकाळी परसात म्हणायचे."

"परसात आणखी कोण असायचं?"

"कोणी नाही. मी आणि..." वाग्नेर अडखळला. "आणि बैल."

"खूर साफ करताना म्हणतात तसं," हिदेनोबु अगदी हळू आवाजात म्हणाला. त्याच्या स्वतःच्या गोठ्यात गुरं होती. "म्हणजे, जनावराला."

वाग्नेरचे कान लाल झाले. आजोबा आपल्याशी जपानीत एक शब्दही बोलले नव्हते. जे बोलले ते बैलाशी, आणि आपण नुसते बाजूला बसलो होतो. तेवढं ऐकलेलं घेऊन आपण अर्धी पृथ्वी ओलांडून आलो. त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू यायला लागलं.

तोमे आजी मात्र हसत सुटल्या. हसता हसता त्यांना खोकला आला. "किसाबुरोदादा आमच्याशी तरी कुठे वेगळं बोलायचा? मला शाळेला न्यायचा ते हाकतच न्यायचा. गोठ्यातल्यांना आणि घरातल्यांना एकच भाषा. बाहेरच्यांशी मात्र काय तो गोड! सारखं आपण, आपण."

वाग्नेर तबक धरून, डोळे पुसत, नेमका वाटेत उभा होता.

"ए, सरक तिकडं," आजी म्हणाल्या. "वाटेत काय उभा राहिलायस? ती बादली घे आणि घाल पाणी."

सायोकोने चमकून सासूबाईंकडे पाहिलं. वाग्नेरने तबक भिक्षूंच्या हातात कोंबलं, बादली उचलली, तिकडं सरकला, डोळ्यांतून धारा वाहत असताना समोर आलेल्या थडग्यावर पळीपळीने पाणी घातलं, दगड हाताने चोळून स्वच्छ केला आणि त्याला कपाळ टेकून आजोबांचं नाव घेतलं. रांगेतले सगळे दगड सारखेच दिसत होते, आणि रात्रीच्या वर्गात दगडावरची अक्षरं वाचण्यापर्यंत मजल गेलेली नव्हती.

"अरे बैला," मागून तोमे आजी ओरडल्या, "ते शेजाऱ्यांचे पितर!"

इतका मान वाग्नेरला जन्मात कुणी दिला नव्हता.