किल्ली खिशात

बॅटरी उतरली की मेकॅनिकला हाका मारणारे लोक वेगळे! मी जाडजाड कादंबऱ्या पचवलेली बाई. उतरलेली बॅटरी उठवणाऱ्या डब्याची, म्हणजे जंप स्टार्टरची, चिमूटभर माहितीपुस्तिका ती काय!

बाबा गेल्यापासून त्यांची गाडी पोर्चमध्ये नुसती उभी होती. आज एक दातांचे डॉक्टर ती बघायला येणार होते. फोनवर त्यांनी बजावलं होतं, "सुरू झाली तर घेतो. नाहीतर भंगारात द्या." बाबांची गाडी आणि भंगार! याच गाडीवर त्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं होतं, तेही एकाच कायद्यावर : उतरायचं म्हणजे इंजिन बंद, किल्ली खिशात. दोन पावलांसाठी का असेना!

"एवढासा डबा एवढं धूड उठवणार?" आईने विचारलं. हातात पाण्याने भरलेली बादली.

"बादली कशाला?"

"पेटलं तर?"

"आई, विजेवर पाणी ओततात का?"

"मग वाळू आणू?"

आईचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामा, पायात गमबूट आणि हातात भांडी घासायचे मोजे घालून आला होता. तो गाडीत बसून एकेक बटण दाबत होता. "वायपर नाही. पंखा नाही. ताई, रेडिओपण गेला गं!"

"गेला म्हणू नकोस," आई म्हणाली. "बंद आहे म्हण."

मग मी मामाला खाली उतरवलं, किल्ली बंद असल्याची खात्री केली आणि लाल चिमटा बॅटरीच्या अधिक खुणेवर लावला.

"काळापण तिथेच लाव की! दुप्पट जोर!"

"मामा, लाल-काळा एकमेकांना टेकले तर ठिणगी उडेल!"

हे ऐकून आईने मामाला मागे ओढलं आणि मामाने आईला. मी काळा चिमटा इंजिनजवळच्या धातूवर लावला, डब्याचं बटण दाबलं, ऐटीत किल्ली फिरवली.

टक्.

बस, एवढंच! काळा चिमटा रंगावर बसला होता, वीज जाणार कुठून! किल्ली बंद केली, डबाही बंद केला, चिमटा उघड्या बोल्टवर लावला, पुस्तिकेने सांगितलं तेवढा वेळ दम धरला आणि पुन्हा...

घर्रर्र! सुरू! आणि तिच्याबरोबर मामाने दाबलेलं प्रत्येक बटण जिवंत झालं! वायपर सपासप हात मारू लागले, पंख्याने साठवलेली धूळ माझ्या तोंडावर फेकली, रेडिओवर कुणीतरी कांद्याचे भाव किंचाळू लागलं. दचकून आईच्या हातून बादली सुटली आणि मामाचे गमबूट अखेर कामी आले.

"झाली! झाली!" आम्ही तिघं नाचलो! मी आधी काळा, मग लाल चिमटा काढला आणि विजयी वीरासारखी पुन्हा गाडीत जाऊन बसले.

"डब्याचं काम संपलं ना?" मामाने त्याला आपला मोबाइल जोडला. "सगळ्यांना कळवतो!"

तो शेवटच्या मावशीपर्यंत पोचला तेव्हा फाटकाची कडी वाजली. दातांचे डॉक्टर! मी टुणकन उतरले, फाटक उघडलं.

"हं, सुरू करून दाखवा."

"सुरूच आहे की!"

पोर्चमध्ये भयाण शांतता होती. माझा हात खिशात गेला. किल्ली! उतरताना बोटांनी मला न विचारता कायदा पाळला होता. मी डब्याकडे धावले. त्याचा लाल दिवा शेवटचे आचके देत होता. मामाचा मोबाइल मात्र काठोकाठ भरला होता.

डॉक्टरांनी बोनेटमध्ये डोकावून मान हलवली. "मुळातच कीड आहे. काढून टाका." आणि गेले.

मी मान खाली घालून उभी राहिले. आई कितीतरी वेळ बोनेटवरून हात फिरवत होती.

"फाटकापर्यंतच गेलीस, तरी किल्ली काढलीस?"

"हो."

"शाबास म्हणाले असते तुला." तिने पदराने काचेवरची धूळ पुसली. "मला मात्र बादलीवरून ऐकवलं असतं. राहू दे गं, विकायची काय घाई आहे?"

डबा चार्जिंगला लावला आहे. आई गाडीत तिच्या नेहमीच्या जागेवर, पट्टा लावून, फेरफटक्याला तयार बसली आहे. तेव्हा एखाद्या चांगल्या मेकॅनिकचा नंबर कुणाकडे असेल, तर जरा हळूच कळवा!