बळीशेटचा न बोललेला नवस

माणसानं रोज पहाटे चार पावलं चालावं, यात भानगड होण्यासारखं काय आहे, सांगा! पण पनवेलजवळच्या कोन गावच्या बळीराम शेटनी चालायचं ठरवलं आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांची झोप उडाली.

त्याचं असं झालं. तपासणीत बळीशेटची साखर वर आली. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, "एवढ्यात गोळी देत नाही. तीन महिने रोज चाला, भात आणि गोड कमी करा. मग बघू." दुसऱ्या कुणाला ऐकून बरं वाटलं असतं. बळीशेटना घाम फुटला. त्यांचे थोरले बंधू "काय होतंय साखरेनं!" म्हणता म्हणता पायाची दोन बोटं गमावून बसले होते. त्या पायाचं बँडेज बळीशेटच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"जमिनी गेल्या त्या गेल्या," त्यांनी बायकोला, चंद्रावतीला, ठणकावून सांगितलं, "पाय कुनाला देनार नाय!" (सरकारनं घेतलेल्या जमिनीचे निदान पैसे तरी मिळाले होते.)

आणि खरंच, गडी पेटला. भात अर्ध्यावर आला, चहातली साखर गेली. भाचीच्या हळदीला मटणाची बादली समोर आली, तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. वाढणारा पोरगा घाबरून आचाऱ्याला बोलवायला पळाला. आचारी येऊन विचारतो, "शेट, मीठ जास्त झालं काय?"

पण खरी अडचण आली ती चालण्यात. दाराशी गाडी आल्यापासून बळीशेट पानाच्या टपरीवरसुद्धा गाडीनंच जात. असा माणूस सकाळी एकटा, पायी, रस्त्याच्या कडेनं निघालेला बघून पहिली गाडी थांबली ती भाच्याची, निकेशची.

"मामा, गाडी कुटं?"

"घरी हाय."

"बंद पडली?"

"नाय रे, चालतोय."

"मामीशी भांडलात?"

"नाय!"

"बरं बरं, नका सांगू. बसा."

बसावं लागलं. नाही म्हटलं असतं तर 'पैसा आला, आता भाच्याच्या गाडीत बसायची लाज वाटते' असं बोलायला बहीण मोकळी! दुसऱ्या दिवशी चुलतभावाचा टेम्पो थांबला, तिसऱ्या दिवशी साडूंचा डंपर. एकदा तर शाळेच्या व्हॅनमध्ये पोरांची दप्तरं मांडीवर घेऊन परतले. रस्ता बदलला, तर तिकडे मेव्हण्याचं सासर निघालं. पनवेल-उरणात बळीशेटचा सोयरा जात नाही, असा रस्ता अजून बांधायचाय.

घरापासून जरा लांब गेलं की कोणीतरी उचलून घरी आणून सोडायचं. असल्या चालण्यानं साखर कशी उतरणार? बळीशेट अगदी रडकुंडीला आले. आणि पुन्हा निकेशची गाडी करकचून थांबली, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाय बसनार! नवस हाय माजा. एकवीरा आईचा. पायीच फिराचं हाय."

निकेशनं इंजिन बंद केलं. खाली उतरला, चपला काढल्या, भर रस्त्यात मामाच्या पाया पडला आणि निघून गेला.

बळीशेट बघतच राहिले. एवढं सोपं होतं होय!

त्या दिवसापासून एकही गाडी थांबली नाही. डंपरवाले हळू होऊन हात जोडायचे. नवस कसला, ते कोणी विचारायचं नाही, पण तर्क चालूच. मुलाचं, प्रणितचं, लग्न जमत नाही म्हणून असेल, असं शेजारची भामा मासळी निवडता निवडता चारचौघींना सांगून आली. बळीशेट मात्र निवांत चालत होते. पट्टा आत गेला, जिने चढताना धाप लागेना. मनाशी ठरवलेलं जमतंय, याचं त्यांनाच कौतुक वाटायला लागलं.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "शाबास! गोळीची गरज नाही."

बळीशेट जवळजवळ नाचतच घरी आले. ऐकून चंद्रावतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं देवापुढे दिवा लावला. "पावली गो आई! काय बोललावता नवस? आता फेडाय जाऊ."

आनंदात माणसाची जीभ सैल सुटते. "अगो, नवस कसला! गाड्या थांबू नयेत म्हनून मारलेली थाप ती!"

चंद्रावती गर्रकन वळली. "आईच्या नावावर थाप? आनि तरी तिनं तुमची साखर उतरवली?"

"साखर मी उतरवली! चालून!"

"आनि चालू कुनाच्या नावानं दिलं लोकांनी?"

बळीशेटनी देवाकडे बघत हळूच हात जोडले.

"फेडाचा. कार्ल्याला, आईच्या देवळापर्यंत. पायी."

"पायी? मधी आख्खा घाट हाय!"

"मंग तीन म्हैने सराव कशाला केलात?"

झालं! चार दिवसांत बळीशेट मळवट भरून निघाले. मागून त्यांचीच गाडी. प्रणित चालवतोय, चंद्रावती मागच्या सीटवर, काचा वर, एसी चालू. हे जरा रेंगाळले की हॉर्न. येणारे-जाणारे पाया पडून जात. पाया पडायला कोणी वाकलं, की तेवढाच बळीशेटना विसावा.

घाटात मात्र पाय जड झाले. बळीशेट कठड्याला टेकले. गाडी थांबली, चंद्रावती पाण्याची बाटली घेऊन उतरली आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"दमलात ना वो? लय भ्याले होते मी. दादांच्या पायाकडं बगून तुमचाच पाय दिसायचा."

बळीशेटना भरून आलं. एवढी माया! धीर करून म्हणाले, "मंग... बसू काय जरा गाडीत?"

"काय बोलताव! नवस मोडंल!"

"बरं बाई, चालतो. एकदा फिटला की सुटलो."

"सुटलात कसे?" चंद्रावतीनं हात जोडून डोंगराकडे बघितलं. "माजा नवस हाय ना. मी कालच आईला बोललेय, यांची साखर अशीच ऱ्हाऊ दे, मी दरवर्षी पायी तुज्या दर्शनाला येईन."

बळीशेट दमल्या चेहऱ्यानं हसले. चला, पुढच्या वर्षी सोबत तरी होईल! "म्हंजे दोगं चालनार?"

"मना गुडघे हायत का?" चंद्रावती गाडीत बसत म्हणाली. "माज्या वाटचं तुमीच चालाचं."