मुलीचा बाप कोण, हे संगणकाला विचारलं

माझ्या मुलीच्या, नांतेझाच्या क्वांजुलाला नऊ दिवस राहिले होते. लग्नाआधीचा हा समारंभ, त्यात जावयाकडची मंडळी आमच्या दारी येऊन रीतसर ओळख करून देणार. मांडवात आमच्यापैकी कोण कुठे बसणार हे ठरलेलं नाही, अशी माझी समजूत. मी म्हटलं, बसण्याची यादी मी करतो. (एरवी घरात माझं कोणी ऐकत नाही. या वेळी सगळे लगेच हो म्हणाले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.)

कंपालातल्या आमच्या ऑफिसात कोणता दुकानदार कोणाकडून माल घेतो याचं जाळं संगणकात सांभाळतात. माणूस म्हणजे ठिपका, व्यवहार म्हणजे रेघ. त्यात बटणं, चित्रं असलं काही नाही. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाइप करायची, की हजारो ठिपके मुकाट्याने जागा बदलतात. (मुकाट्याने ऐकणारं माझ्या ओळखीत तेवढंच एक.) दुकानदार काय नि नातेवाईक काय, असा विचार करून मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या कुळाला निरोप धाडला: आपलं, आईवडिलांचं आणि नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव कळवा.

बायको, नास्सोलो, केळी सोलत होती. म्हणाली, "अहो, एकच वडील लिहा असं सांगितलंत का?"

"त्यात सांगायचं काय?"

"बरं," ती म्हणाली आणि तिने पुढचं केळं घेतलं.

सांगायला हवं होतं. आमच्याकडे बापाचे सगळे भाऊ बापच असतात. दोनशे चौदा जणांनी मिळून सातशेच्या वर बाप कळवले. खुद्द नांतेझाने पाच लिहिले होते, त्यात मी चौथा.

मी आज्ञा दिली: प्रत्येकाला एकच बाप ठेव, ज्याच्याकडे सर्वांत जास्त रेघा जातात तो. बाकीचे जादा समजून काढून टाक. यंत्राने 'नक्की?' असं विचारलं. ते दिवसभर हेच विचारतं, त्यामुळे मी न वाचताच होय म्हणतो. तेवढ्यात आमचे थोरले बंधू वालुगेंबे एकशे नऊ मुलांचे बाप झाले. मी 'सेकिट्टो' हे माझं नाव टाइप करून पाहिलं, तर उत्तर आलं, असा ठिपका नाही. नास्सोलोची चौकशी केली, तर तिला मुलगी होती, नवरा नव्हता.

यादी तयार होताच थेट ताईच्या फोनवर जावी, अशी सोय मीच हौसेने करून ठेवली होती. माझी थोरली बहीण म्हणजे नांतेझाची सेंगा, सख्खी आत्या. अशा कार्यात तिच्या शब्दापुढे कोणी जात नाही. त्या यादीत मुलीच्या बापाच्या खुर्चीवर वालुगेंबे बसले होते.

मला खरंच वाईट वाटलं. पोरीला सायकलवर डबलसीट शाळेत मी पोचवलं होतं, तिच्या गोवरात उशाशी मी बसलो होतो. पाच दिवस जेवणाची सुट्टी बुडवून मी दोनशे चौदा माणसं मुळापासून पुन्हा टाइप केली, आणि शुक्रवारी नवी यादी घेऊन ताईकडे गेलो.

"ताई, फोनवर आलेली यादी धरू नकोस. त्यात मी राहून गेलो."

"ती यादी होती होय? मला वाटलं कोणीतरी निवडणुकीला उभं राहिलंय." तिने पिशवीतून शाळेची वही काढली. "यादी दोन महिन्यांपूर्वीच झाली. तुझ्या बायकोच्याच हातची आहे."

पहिल्याच पानावर बापाच्या खुर्चीसमोर वालुगेंबे.

"थोरला जिवंत असताना धाकटा बसतो होय रे?"

"मग मला यादी करायला का लावली?"

"घरात सारखा पायात येत होतास म्हणाली."

"म्हणजे मी कुठेच नाही?"

"असं कसं होईल? बाप आहेस तू तिचा." ताईने चष्मा लावला, बरीच पानं उलटली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. मी वाकून वाचलं. नास्सोलोच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'पाहुण्यांच्या गाड्या लावून घेणे: शेजारचा वॉचमन. त्याच्या हाताखाली: सेकिट्टो.'