गल्ल्याच्या खुर्चीची मोहीम

ईश्वरकृपेकरून लेखणीस धीर आला, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले असे. अधिकउणे जाहले ते वाचणारांनी पदरी घ्यावे.

बटणांच्या दुकानी सासूबाईसाहेबांचा अंमल कडक. गल्ल्याच्या खुर्चीवर त्या जातीने बैसत आणि सूनबाई मागील खोलीत बटणे निवडीत, कारण सूनबाईंचे बोलणे गिऱ्हाइकास पटत नाही, ऐसा निवाडा जाहला होता. मग सूनबाई संध्याकाळच्या वक्तृत्ववर्गात दाखल जाहल्या. तेथे जागतिकीकरण बरे की वाईट, यावर सामना ठरला आणि बाजू ऐन वेळी नाणे उडवून मिळेल, ऐसे मास्तरांनी फर्माविले. सासूबाईसाहेबांनीही हुकूम सोडिला, "जिंकून ये, खुर्ची तुझी."

सासूबाईसाहेब परदेशी मालाच्या हाडवैरी. सूनबाईंनी सरावास त्यांनाच गाठिले आणि मास्तरांचा डाव टाकिला : आधी कबूल करावे, मग हळूच पुसावे.

"खरंय तुमचं, आई. पण ही शिंपल्याची बटणं कुठल्या समुद्रातली? आणि ही लाकडी?"

एकेक खण उघडत गेला आणि निम्मी पृथ्वी काउंटरावर पसरली. सासूबाईसाहेब शरण आल्या, आणि मग ऐशा पेटल्या की शेजारच्या इस्त्रीवाल्यास जागतिकीकरणाचे फायदे ऐकविता ऐकविता त्याजकडून एक शर्ट करपविला.

सामन्याचे दिवशी नाणे उडाले आणि घात जाहला. सूनबाईंचे वाट्यास विरोधाची बाजू आली! समोर विमा विकणारे गृहस्थ, जिभेवर तोफखाना. सूनबाईंनी तोंड उघडिले तोच पहिल्या रांगेतून सासूबाईसाहेब उठल्या.

"अगं, परवा मला काय सांगितलंस? शिंपले विसरलीस?"

सभेत हशाचा धुरळा उडाला. विमेवाले हात बांधून स्वस्थ बैसले, की आपली लढाई फुकटात होते आहे. इतक्यात सूनबाईंस तोच डाव आठवला.

"बरोबर आहे, आई. बटणं जगभरातून येतात. पण आपल्याकडून ती नेऊन शर्ट शिवणाऱ्या गल्लीतल्या बायका कुठे गेल्या?"

सासूबाईसाहेबांनी कपाळास हात लाविला.

"गेल्या बिचाऱ्या. धंदाच बसला त्यांचा." मग खाली बैसत पुसिले, "मग खरं काय गं?"

"दोन्ही, आई."

टाळ्यांची सरबत्ती जाहली, विमेवाल्यांनीही टाळी दिली, आणि मास्तरांनी फत्ते जाहीर केली. सासूबाईसाहेबांनी भर सभेत फर्मान काढिले, "जी मला एका आठवड्यात दोन्हीकडून पटवते, तिच्यापुढे गिऱ्हाइकाची काय बिशाद!"

येणेप्रमाणे गल्ल्याची खुर्ची सूनबाईंस बहाल जाहली. तहात खुर्चीवरील उशी मात्र सासूबाईसाहेबांनी आपणाकडे राखिली. इतकेच लिहून हात जोडिले असेत.