सोमवारची माय

ठवकरजींची आई दर सोमवारी बदलायची.

मी तेव्हा भिलाईला कँपातल्या पत्र्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. पोलादाचा कारखाना उभा राहत होता. जिकडेतिकडे लाल माती, लोखंड आणि देशभरातून आलेली माणसं. दवाखाना मात्र पक्क्या नोकरीवाल्यांचा. ज्याच्याकडे कारखान्याचा बिल्ला, त्याला आणि त्याच्या घरच्यांना औषध मिळायचं. ठेकेदाराच्या मजुराकडे बिल्ला नसायचा, त्यानं दुर्ग शहर गाठावं. मरोदा गावाच्या बाजूच्या झोपड्यांतली माणसं डबक्याचं पाणी पीत, तापानं फणफणत, आणि दुर्ग लांब म्हणून तिथेच पडून राहत.

ठवकरजी रिगिंगचे फोरमन. साखळ्या नि कप्प्या लावून हत्तीएवढं लोखंड वर चढवायचं, हे त्यांचं काम. मूळचे गोंदियाचे, रेल्वेतल्या मामाकडे वाढलेले. लग्न नाही, भाऊ नाही, बहीण नाही. कितीही अवघड कामापुढे उभे राहिले तरी एकच वाक्य म्हणायचे, "सोपं हाय जी!" आणि मग सगळ्यांचा जीव टांगणीला लावून ते काम करून दाखवायचे.

पहिल्या सोमवारी ते एका म्हातारीला धरून माझ्या खिडकीशी आले. बिल्ला खिडकीवर आपटला.

"माही माय हाय जी. लय खोकून राहिली."

मी औषध दिलं. पुढच्या सोमवारी दुसरीच बाई. ही तेलगू बोलत होती.

"ठवकरजी, तुमच्या आईला मराठी येत नाही?"

"येते ना जी. माह्यावर रागावली हाय, म्हून बोलत नाई."

त्याच्या पुढच्या सोमवारची माय ओडिया होती, आणि ती ठवकरजींहून लहान दिसत होती. मी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

"सावत्र हाय जी," ते म्हणाले.

आमचे डॉक्टर भले गृहस्थ. नातं कानावर पडलं की छताकडे बघायचे आणि मग नाडी धरायचे. असं बरेच दिवस चाललं. पुढे झोपड्यांत तापाची साथ आली आणि ठवकरजी एकदम दोघींना घेऊन आले. नेमके त्याच वेळी प्रशासनातले मोठे साहेब पाहणीला आलेले.

"या कोण?"

"माय."

"दोघीही?"

"एक मोठी, एक धाकटी," ठवकरजी म्हणाले. पण पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चिरकला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. साक्षीला मी. नोकरी जाऊ शकते, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. ठवकरजी खांबासारखे उभे.

"साहेब, माय खोटी असंल, पन ताप खरा हाय. ह्या बाया तुमच्याच भट्टीची माती वाहून राहिल्या. बिल्ला नाई म्हून ताप येनं थांबते का जी? नियम बदला, मी माया आननं बंद करतो."

साहेब वाईट नव्हते, पण साहेब होते. म्हणाले, जागा नाही, इमारतीला मंजुरी नाही. ठवकरजींनी विचारलं, इमारत आम्ही बांधली तर डॉक्टर द्याल का? बिल्ला न विचारता? साहेब म्हणाले, "खोली उभी राहू द्या, मग बघू." माणसाला वाटेला लावायला असं म्हणतात. ठवकरजींनी तो हुकूमच मानला.

"सोपं हाय जी!"

रशियातून यंत्रं यायची ती जाडजूड लाकडी खोक्यांतून. मोडक्या खोक्यांच्या फळ्या त्यांनी रीतसर मागून घेतल्या. रविवारी सेक्टरमधले सुतार आले, तेलगू गवंड्यांनी जमीन केली, झोपड्यांतल्या बायांनी भिंती लिंपल्या. माझी बायको क्वार्टरच्या बायकांना घेऊन चहा करत बसली. चार माणसांनी उचललं असतं असं छप्पर ठवकरजींनी कप्पी-साखळी लावून, शिट्ट्या मारून वर चढवलं. फळ्यांवर रशियन अक्षरं तशीच राहिली, त्यातली निम्मी उलटी. 'वरची बाजू' दाखवणारा बाण जमिनीकडे बोट दाखवत होता.

साहेब आले, खोलीभोवती एक फेरी मारली, बाणाकडे बघून हसले. पण शब्दाला जागले. आठवड्यातून दोन सकाळी डॉक्टर, बिल्ल्याची अट नाही, असा हुकूम निघाला. मागोमाग झोपड्यांकडे नळही आला.

आता बाया आपापल्या येऊ लागल्या. ठवकरजींची गरजच उरली नाही. तरी सोमवारी ते यायचे, रिकाम्या हातांनी बाकावर बसायचे.

"काही होतंय का?" मी विचारायचो.

"नाई जी. सहज."

आणि उठून जायचे. मला त्यांची भारी कीव यायची.

पुढे एकदा साखळी घसरून त्यांचा पाय मोडला. मोठ्या इस्पितळात ठेवलं होतं. भेटायला फक्त घरच्यांना परवानगी. मला कंपाउंडर म्हणून आत सोडलं असतं. फाटकाशी पोचलो तर तिथे बायांची ही रांग! सर्वांत पुढे पहिल्या सोमवारची म्हातारी, मंगतीनदाई.

"कौन लगती हो?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"मोर बेटा ए," ती ठामपणे म्हणाली.

तिच्यामागची तेलगू बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "ना कोडुकु." मुलगाच. तिच्याही मागे ती ओडिया बाई उभी होती. पहारेकरी माझ्याकडे वळला.

"बाबूजी, एक आदमी की इतनी माँ?"

"वो पीछेवाली सौतेली है," मी म्हणालो. "जाने दो."

बायांना बघताच ठवकरजींनी चादर तोंडावर ओढली. मंगतीनदाईनं ती खाली केली आणि कपाळावर हात ठेवला.

"कंपाउंडरजी," ते छताकडे बघत म्हणाले, "मले समजाच्या आधीच माही माय गेली. कोनाले माय म्हनून कसं वाटते, ठावंच नव्हतं. पयल्या सोमवारी खिडकीशी म्हनून गेलो. मंग सोडवेना."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मग आता म्हणा की. सोपं आहे."

"नाई जी," ठवकरजी म्हणाले. "हे सोपं नाई."

मंगतीनदाईनं डब्यातली पेज चमच्यात घेतली, फुंकली, आणि त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.